हातभर अंतर

ट्रकवर चढता चढता पुष्पाचा हात नाकाकडे गेला आणि ती तशीच खाली उतरली. नाकातली सोन्याची फुली नव्हती. फिरकी कधीची सैल झाली होती.

महागावकडच्या त्या तांड्यातून दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रक भरतात. भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढलं होतं. मुकादम हॉर्न वाजवत होता. पण ती फुली पुष्पाच्या लग्नात आईनं तिच्या नाकात घातलेली होती आणि आई आता नव्हती. नवरा बादल वैतागून म्हणाला, नवी घेऊ. पुष्पा हलेना. मग सगळे देवळापुढच्या मैदानात वाट्टेल तिकडे शोधू लागले, एकमेकांच्या पायांत येऊ लागले. शोधणं कमी आणि तुडवणंच जास्त.

तेव्हा नेमसिंग आपल्या ओट्यावरून उठला.

तांड्यात त्याला पायलट म्हणत. विमान त्यानं जन्मात चालवलं नव्हतं. हवाई दलाच्या तळावर त्याची सारी नोकरी धावपट्टी साफ ठेवण्यात गेली होती. पहिलं विमान उडायच्या आधी तिथं साहेबापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे एका रांगेत उभे राहत, मध्ये हातभर अंतर ठेवत आणि खाली मान घालून पट्टीवरून चालत. खडा, खिळा, स्क्रू, दिसेल ते उचलायचं. एवढासा खडा इंजिनानं ओढला की विमान खलास, आणि आतला माणूसही. कारगिलच्या दिवसांत तर ही रांग दिवसातून कितीदा निघे. ही गोष्ट तांड्यानं इतक्यांदा ऐकली होती की तो बोलू लागला की पोरं पुढचं वाक्य म्हणून दाखवत. रिटायर होऊन आल्यावरही तो रोज सकाळी या मैदानात एकटाच खाली मान घालून चालायचा. बायको होती तोवर ती ओट्यावरून हसायची. ती गेल्यापासून हसणारंही कुणी उरलं नव्हतं.

"असं नाही भेटत," तो म्हणाला. "रांग लावा. मंधात हातभर अंतर ठेवा. आपापल्या पायापुढंच पाहा. भेटलं तं हात वर करा, सगळे थांबतीन."

आज कुणी हसलं नाही. मुकादमसुद्धा खाली उतरला. नेमसिंगच्या डाव्या हाताला पुष्पा होती. उजव्या हाताला तिची सासू लालीबाई काठी टेकत येऊन उभी राहिली. गुडघे गेल्यापासून म्हातारीला तोडीवर कुणी नेत नव्हतं. ट्रक गेला की तांड्याच्या या टोकाला ती, नेमसिंग आणि कुलपं लावलेली घरं, एवढंच मागं राहणार होतं.

रांग निघाली. कितीतरी वर्षांनी नेमसिंगच्या दोन्ही बाजूंनी पावलं वाजत होती. शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला भरून आलं. मैदान आणखी लांब असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आणि अर्ध्या वाटेतच सोयाबीनच्या भुसात फुली चमकली. तो वाकला, त्यानं ती उचलली. आता हात वर करायचा होता. हात वर गेला नाही. मूठ मिटली.

तळावर हे पाप होतं. सापडलेली वस्तू लपवणाऱ्याला तिथं माफी नव्हती आणि नव्या पोरांना हे दरडावून शिकवणारा नेमसिंगच होता. तरी तो चालत राहिला. हात वर केला असता तर रांग मोडली असती, ट्रक सुटला असता, आणि गुढीपाडव्याला माणसं परतेपर्यंत या मैदानात पुन्हा त्याची एकट्याची पावलं.

रांग टोकाला पोचली. कुणालाच काही मिळालं नव्हतं. मुकादम घड्याळ पाहू लागला. लालीबाईनं एकदा नेमसिंगच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग ट्रकवरून आजीला हात करणाऱ्या नातीकडे, खुशीकडे पाहिलं.

"उलटी रांग लावा," ती म्हणाली. "एक चक्कर अजून मारू."

रांग परत फिरली. चालता चालता पुष्पा रडू लागली. आवाज नव्हता, रांगही तिनं मोडली नाही, पण डोळे पुसल्याशिवाय तिला पुढची जमीन दिसत नव्हती. आईचं एवढंच होतं आपल्याजवळ, असं ती स्वतःशीच म्हणत होती. नेमसिंगला ते सोसेना. तो तिच्या एक पाऊल पुढं झाला, चपलेचा पट्टा नीट करायला म्हणून वाकला आणि त्यानं तिच्या वाटेवर मूठ मोकळी केली.

पुष्पानं हात वर केला. सगळे थांबले. मग एकच गलका झाला. कुणी पायलटच्या पाठीवर थाप मारली. बादल त्याच्या पाया पडला, आणि नेमसिंगला वाटलं, त्यापेक्षा यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं. ट्रक सुटला. वळणापर्यंत खुशीचा हात हलताना दिसत होता.

धुरळा खाली बसला. मैदानात नेमसिंग उभा होता आणि हातभर अंतरावर लालीबाई, अजून रांगेतल्या आपल्याच जागी.

"पहिल्याच चकरेत भेटलती नं तुले?" तिनं विचारलं.

नेमसिंगनं होकारार्थी मान हलवली. वर पाहायची त्याला लाज वाटत होती.

लालीबाईनं काठी नीट रोवली. दारांवरच्या कुलपांवरून तिची नजर फिरली आणि परत त्याच्याकडे आली.

"उद्या मी काय हरवू," ती म्हणाली, "थे आजच सांगून ठेव."