शेवटचा हात

लोकांनी टाकून दिलेले रेशमी कपडे आणायचे, उसवायचे, पाइपवर गुंडाळून दोऱ्याने करकचून आवळायचे आणि रंगात बुडवायचे, हा सूनबाईचा उद्योग. या जपानी कलेला शिबोरी म्हणतात. वाफ देऊन दोरा सोडला की रेशमावर लाटांसारख्या बारीक चुण्या उभ्या राहतात. त्या चुण्यांवरच तिचं नाव झालं होतं. सासूबाई मात्र तिच्या स्टोलना सरळ "बोळे" म्हणायच्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सूनबाईचा पारा चढला. "माझ्या कामाला या घरात कुणी हात म्हणून लावत नाही!" ती नवऱ्यावर ओरडली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. स्वयंपाकघरात सासूबाई भांडी घासत होत्या, तो आवाज तेवढा थांबला.

दुसऱ्या दिवशी हॉलवर टेबलं मांडून ती स्टोल न्यायला घरी आली, तर तिच्या कामाच्या खोलीत सासूबाई घामाघूम होऊन बसलेल्या. शेजारी सगळ्या स्टोलची सुरेख चळत. सूनबाईला एकदम भरून आलं.

"आई, तुम्ही घड्या घालून ठेवल्यात?"

"नुसत्या घड्या? कालचं तुझं बोलणं फार लागलं गं मनाला. सकाळपासून पाठ टेकली नाही मी."



सासूबाईंनी वरचा स्टोल उलगडून तिच्यापुढे धरला. "आता एक चुणी शोधून दाखव! इस्त्री अजून गरम आहे, चुकून राहिली असेल तर लगेच मोडून देते."