बिनमिठाचं ताट

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मिर्ताने मेलेल्यांच्या नावांत भावाचं नाव घेतलं. तो मेल्याची खबर आलेली नव्हती.

समुद्रकाठच्या मातान्सास शहरात, चढावरच्या गल्लीत, बासिलियाच्या मागच्या अंगणात हे घडलं. बासिलिया एकोणऐंशी वर्षांची. मिर्ताला दीक्षा तिनेच दिलेली, म्हणून मिर्ता तिला माद्रिना, म्हणजे धर्माची आई, म्हणे. पूर्वजांची जागा मोरीच्या कोपऱ्यात होती. तिथे मेणबत्ती लावलेली, पाण्याचा पेला भरलेला. मिर्ता एकेक नाव घेई, मागे ‘इबाए’ म्हणे, आणि प्रत्येक नावाला बासिलिया घुंगरांची काठी फरशीवर आपटे. पणजोबा येउसेबियो, इबाए. ठक. आजी तोमासा, इबाए. ठक. मावशी रेग्ला, इबाए. ठक. ओस्मानी, इबाए. ठक.

काठी मग उचललीच गेली नाही. ‘इबाए’ जिवंत माणसाच्या नावामागे लावत नाहीत.

“जीभ घसरली,” मिर्ता म्हणाली.

“जीभ तुझी होती, पोरी. काठी माझी होती. तीही आपटली.”

ओस्मानी आठ जणांबरोबर चोरून होडीतून समुद्रापार उत्तरेकडच्या देशात जायला निघाला, त्याला तेवीस दिवस झाले होते. फोन नाही, निरोप नाही. मिर्ता आली होती ती त्याच्यासाठी नव्हे, स्वप्नासाठी, असं तिने दारातच सांगितलं होतं. स्वप्नात आजी तोमासाच्या टेबलावर ओस्मानी जेवत होता. काळा घेवडा आणि भात. मान वर न करता जेवला, ताट पुसून खाल्लं, आणि मीठ मागितलं नाही.

ते ऐकून बासिलिया हसली होती. “तो? माझ्या घरी तो चाखायच्या आधीच मीठ घालायचा. पिकल्या आंब्यावरसुद्धा. असा अपमान माझ्या नवऱ्यानेही केला नाही.” मग ती हसायची थांबली होती. मेलेल्यांचं जेवण बिनमिठाचं असतं, हे दोघींनाही माहीत होतं.

आता बासिलियाने खोबऱ्याचे चार तुकडे ओंजळीत घेतले आणि पूर्वजांना विचारलं, नावं पोचली का. तुकडे पडले. दोघांची पांढरी बाजू वर, दोघांची काळी. याहून पक्कं हो नसतं.

“सगळी पोचली,” ती म्हणाली. तिने तुकडे पुन्हा गोळा केले. शेवटचं नाव परत द्याल का, असं तिने अगदी हळू विचारलं. तीन तुकडे फरशीवर पडले. चौथा कडेवर उभा राहिला, गरगरत मोरीच्या भोकापाशी गेला आणि आत पडला. पाण्याचा आवाज आला नाही.

मिर्ता दुसरा नारळ आणायला उठली, तर बासिलियाने तिचा झगा धरला. “विचारलं या चौघांना. उत्तर तीन जणांनी दिलं. नवीन आणलेल्याला काय माहीत?”

“मग मी करू काय?”

बासिलियाने सांगितलं ते सोपं होतं. मेलेल्याचं ताट जमिनीवर, जिवंताचं टेबलावर. बाराच्या आत ओस्मानीचं ताट टेबलावर वाढ, स्वतःच्या हाताने मीठ घाल, आणि ये जेवायला म्हणून हाक मार. आईला यातलं काही सांगू नकोस.

साडेनऊला मिर्ता घरी पोचली. आई, सोराइदा, मागच्या अंगणात उकिडवी बसली होती. मोरीच्या कोपऱ्यात तिने काळा घेवडा आणि भात वाढून ठेवला होता. कड उडालेल्या पांढऱ्या ताटात. ते ताट घरात फक्त मेलेल्यांना वाढायला वापरत.

“कुणासाठी वाढलंस, आई?”

“आईसाठी. रात्री स्वप्नात आली होती.” सोराइदाची आई म्हणजे तोमासा. “ओस्मानीला जेवायला घालत होती. मला बरं वाटलं गं. तेवीस दिवसांनी पोरगं दिसलं.”

मिर्ताने विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तिने विचारलं, त्याने मीठ मागितलं का.

“मागितलं की. दोनदा मागितलं.” सोराइदाने झग्याला हात पुसले. “आईने मिठाच्या बरणीवर हात ठेवला, दिलं नाही.”

मिर्ताने मोरीतलं ताट तसंच राहू दिलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने दुसरं ताट घेतलं, निळं, ओस्मानी जेवायचा ते. घेवडा वाढला, भात वाढला, टेबलावर त्याच्या खुर्चीसमोर ठेवलं. मग फळीवरून मिठाची बरणी काढली. समुद्राच्या हवेने मिठाला पाणी सुटून त्याचा एकच खडा झाला होता. चमचा घातला तर चमचा वाकला. सुरीचं टोक घातलं तर ते सरकलं आणि तिच्या अंगठ्यात गेलं. दारात उभी राहून सोराइदा बघत होती. तिने शेजारणीकडून चिमूटभर आणू का म्हटलं, आणि ती जाऊन रिकाम्या हाताने परत आली. शेजारीण घरी नव्हती.

बाराला पाच कमी असताना मिर्ताने बरणी फरशीवर आपटून फोडली. काच बाजूला सारून खडा ताटाच्या कडेला ठेवला, आणि दाराकडे तोंड करून भावाला हाक मारली.

दुपारी दोनपर्यंत कुणाचा फोन आला नव्हता. निळ्या ताटाला कुणी हात लावला नव्हता. मोरीतलं ताट रिकामं होतं, पुसून खाल्ल्यासारखं. मांजर त्या घरात नाही.