सगळ्या निळ्या करा

ऑफिसच्या विकीवर, म्हणजे कंपनीच्या माहितीच्या पानांवर, बाहेरच्या वेबसाइटवर नेणाऱ्या लिंकना तिनं हिरवा रंग दिला आणि साहेबांचा पारा चढला.

"आतलं काय, बाहेरचं काय, हा भेदभाव कशाला? डोळ्यांत खुपतंय नुसतं! सगळ्या निळ्या करा."

"अहो, पण क्लिक करण्याआधी माणसाला कळायला नको, आपण कुठं चाललोय ते?"

"मला शिकवू नका. कंत्राट संपत आलंय तुमचं."

दातओठ खात तिनं एकूण एक लिंक निळी केली आणि डबा उचलून ती कॅन्टीनकडे निघाली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची हिरवी पट्टी बघून रखवालदारानं दारातच हात आडवा घातला.

"ताई, हिरव्या पट्टीवाल्यांनी मागच्या खोलीत जेवायचं."

"कुणी सांगितलं?" ती कडाडली.

 

"साहेबांनीच. म्हणाले, कंपनीचं कोण आणि कंत्राटावरचं कोण, लांबूनच कळायला पाहिजे."