डबीतलं मलम

"सध्या कोणतं औषध चालू आहे हिला?" डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारले.

"कोणतंच नाही," औषधविक्रेता म्हणाला. उत्तर अक्षरशः खरे होते.

तपासणीच्या टेबलावर त्याची आठ महिन्यांची मुलगी निपचित पडली होती. पहाटेपासून पाच उलट्या झाल्या होत्या. सहावी करण्याइतके त्राण तिच्यात उरले नव्हते. सिस्टरने टाचेत सुई टोचली तेव्हा ती रडली नाही, नुसते ओठ हलले. यंत्राने साखर अवघी अडतीस दाखवली. अर्धे आयुष्य औषधांच्या दुकानात काढलेल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

साखर दिली, सलाईन सोडले. यंत्र एकावन्नवर आले. रक्तदाब मात्र वर सरकेना. सिस्टरने पट्टा सोडून पुन्हा बांधला, आकडा तोच.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. "गाल भरलेले, पोट सुटलेलं, आणि हातपाय काड्यांसारखे. हे कधीपासून?"

"गुटगुटीतच आहे हो ती," आई म्हणाली. "सगळे चिडवतात, बापाच्या दुकानातलं टॉनिक अंगी लागलंय म्हणून." बोलून झाल्यावर तिचे तिलाच कसेसे झाले.

"नुसत्या उलट्यांनी रक्तदाब असा हटून बसत नाही. काहीतरी निसटतंय. तोंडातून दिलेलंच म्हणत नाही मी. तेल, पावडर, मलम?"

"लंगोटाखाली पुरळ येतं, त्याला साधं मलम लावते. एवढंच." आईने पिशवीतून प्लॅस्टिकची डबी काढून दिली.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडले, बोटावर थोडे चोळले, हुंगले. "ही तर नुसती पेट्रोलियम जेली आहे," असे म्हणून त्यांनी डबी परत केली आणि सिस्टरला दुसरी सलाईनची बाटली आणायला सांगितले.

चौकशी तिथेच संपली असती. डबी त्याच्या बाजूने साक्ष देऊन मोकळी झाली होती. मुलीच्या छातीचा भाता वरवर हलत होता, आणि दोन श्वासांमधले अंतर वाढत चालल्याचे त्याला दिसत होते.

"आज जेली आहे," तो म्हणाला. मग टेबलाजवळ येऊन म्हणाला. "आज आहे. सोमवारी सकाळपर्यंत नव्हती."

बायकोने त्याच्याकडे पाहिले.

"स्टेरॉइडचं मलम होतं. सगळ्यांत कडक असतं ते. स्टेरॉइड वाचून ही लावणार नाही, म्हणून ट्यूबमधून काढून डबीत भरून ठेवलं होतं मीच. परवा तिचे गाल बघून माहितीपत्रक वाचलं आणि घाबरलो. डबी पुसून जेली भरली."

"किती महिने लावलंत?"

"साडेचार."

"दिवसातून किती वेळा?"

याचे उत्तर आईने दिले. "दर लंगोटाला. सहा-सात वेळा. साधं आहे म्हणाले होते हे."

रागवायला डॉक्टरीणबाईंना सवड नव्हती. "हायड्रोकॉर्टिसोन, पंचवीस मिलिग्रॅम, शिरेतून. आत्ता."

"पण तेही स्टेरॉइडच," त्याच्या तोंडून निघून गेले. "जे बाधलं तेच पुन्हा?"

"तेच. कातडीतून मुरून बाहेरचं आयतं मिळत होतं, म्हणून तिच्या शरीराने साखर आणि रक्तदाब टिकवणारं आपलं कॉर्टिसॉल बनवायचं सोडून दिलं. सोमवारी तुम्ही बाहेरचंही तोडलंत. हे हळूहळू उतरवायचं असतं, एकदम बंद करायचं नसतं."

स्टेरॉइडच्या गोळ्या देताना हेच वाक्य तो गिऱ्हाइकांना बजावून सांगत असे. मलमालाही ते लागू पडते, आणि घट्ट लंगोटाखाली तर अधिकच, हे त्याच्या डोक्यात कधी आले नव्हते. हे सांगायला डॉक्टर लागतो. दुकान घरचेच, म्हणून तो डॉक्टरकडे गेलाच नव्हता.

चाळीस मिनिटांनी मुलीने सुई लावलेल्या हाताला हिसका दिला आणि भोकाड पसरले. सिस्टर हसली. आई हसली नाही. तिने मुलीचा पाय मुठीत धरला होता, तो तसाच धरून ठेवला.

मुलीला तीन दिवस ठेवून घ्यायचे ठरले. पुढचे औषध तोंडातून, कित्येक महिने, कणाकणाने कमी करत. ताप आला तर मात्र वाढवून. डॉक्टरीणबाईंनी ते सगळे कागदावर लिहिले आणि सवयीने कागद औषधविक्रेत्यापुढे धरला.

मध्येच बायकोचा हात आला. तिने कागद घेतला, ओळीवर बोट ठेवून वाचला, मात्रा तीनदा विचारून घेतली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली,

"डॉक्टर, यांचं दुकान सोडून हे कुठे मिळेल?"