मागची फळी

खीळ निघत नव्हती. किन्झो वितळत्या बर्फाच्या चिखलात एक गुडघा टेकून हातोडी मारत होता, आणि छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला लोखंडी सांगाडा दर घावाला नुसता कण्हत होता.

"वरून मारतोयस म्हणून अडकतेय," ओसरीवरून यासुनोरी म्हणाला. "खालून मार."

"खालून मारायला तूच ये."

तोंडातून निघून गेलं. यासुनोरीचा उजवा हात मांडीवर पडून होता. पानगळीच्या सुमारास पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून तो तसाच होता, आणि पायही ओढूनच टाकावा लागे. पण यासुनोरी हसला.

"आलो असतो रे. पण तुझी फजिती इथून चांगली दिसते."

फोनही त्यानंच केला होता. मी काही आता बागेत जात नाही, सफरचंदाच्या पेट्या वाहायचा सांगाडा तू घेऊन जा, इथे पडून गंजेल. किन्झोला नाही म्हणायचं होतं, पण कसं म्हणावं ते सुचलं नाही. म्हणून तो आपला छोटा ट्रक घेऊन आला होता.

वाकलेल्या नळीवरचा गंज जिथे उडाला होता तिथे खालचा पिवळा रंग दिसत होता. शाळेचा झोपाळा. गावातली शाळा बंद पडली त्या वर्षी दोघांनी तो मागून आणला होता. कारखान्यात तयार झालेला सांगाडा त्यांच्या चढावरच्या अरुंद बागांना रुंद पडायचा, म्हणून अख्खा हिवाळा याच घराच्या पडवीत त्यांनी कापलं, जोडलं, मोडलं, परत जोडलं. यासुनोरीचे वेल्डिंगचे सांधे शिवण घातल्यासारखे सरळ. किन्झोचे म्हणजे भांड्याच्या बुडाला चिकटलेला भात. अजून तसेच होते. मग हातच थांबेनात. तेलाच्या पिंपाच्या पत्र्यातून बर्फ लोटायचं पातं झालं, छाटलेल्या फांद्या ओढायचं दाताळं झालं. शेजारी आधी हसले आणि नंतर मापं घ्यायला आले. तेव्हा दोघांना वाटायचं, लोखंड मिळालं तर आपण काहीही करू.

खीळ अर्धी सरकली. तेवढ्यात यासुनोरीची बायको फुमिए चहा आणि मुळ्याचं लोणचं घेऊन बाहेर आली. तिनं सांगाड्याकडे पाहिलं.

"थांबा भाऊजी. काढायच्या आधी मला एकदा बागेत जाऊन येऊ दे."

किन्झोला कळलं. सांगाड्यावर ट्रॅक्टरच्या पाठीला लागून, मागे तोंड करून एक फळी बसवलेली होती. ती तिची जागा. बागेत जाताना सांगाडा रिकामा असे तेव्हा ती तिथे बसायची.

"चला वहिनी, मी नेतो."

त्यानं खीळ परत ठोकली. आत मात्र ती एका घावात गेली. फुमिएनं ताट त्याच्या हातात दिलं आणि ट्रॅक्टरवर चढून सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"अगं, तुला कुठे येतो?" यासुनोरी ओरडला.

"इतकी वर्षं तुमच्या पाठीला पाठ लावून बसले. चढावर गिअर कधी पडतो आणि शिवी कधी पडते, सगळं पाठ आहे." तिनं चावी फिरवली. "तुम्ही काय तिथेच बसणार? या, मागे बसा."

ट्रॅक्टर धडधडत राहिला. यासुनोरी खाली बघत होता.

"सामानासारखा?"

"म्हणजे मी सामान होते?"

यासुनोरीनं डावा हात किन्झोपुढे केला.

त्याला वर चढवताना दोघंही धापा टाकत होते. किन्झोनं फळीवर घोंगडी घातली आणि पेट्या बांधायची दोरी त्याच्या कमरेभोवती आवळली. "फार आवळू नकोस, बाजारात नाही पाठवायचंय," यासुनोरी म्हणाला. तो बागेत निघाला होता.

ट्रॅक्टर हिसका देऊन सुटला. "क्लच! हळू सोड! क्लच!" फुमिएनं मागे पाहिलंसुद्धा नाही. गाडी चढाला लागली. किन्झो चाकांच्या खुणांतून मागोमाग चालू लागला. दोन्ही बाजूंना झाडं बर्फात उभी होती. छाटणी राहून गेलेली होती. कोवळ्या फांद्या सरळ वर सुटल्या होत्या. त्यांना बघून यासुनोरी काहीतरी पुटपुटला, आणखी एकदा "क्लच" म्हणाला, आणि मग गप्प झाला.

किन्झो त्याच्या तोंडाकडे बघत चालत होता. यासुनोरीची नजर आधी चाकावर होती, मग मागे पडत जाणाऱ्या वाटेवर. मग ती वर गेली. घराचं छप्पर खाली जात होतं, देवळाजवळचे देवदार खाली जात होते, आणि भातखाचरांच्या पलीकडून, त्या सगळ्यांच्या डोक्यावरून, पांढराशुभ्र इवाकी पर्वत हळूहळू वर येत होता.

"किन्झो," तो म्हणाला. "इवाकी आपल्याबरोबर चढतो रे."

"रोज चढतो," फुमिए पुढे बघतच म्हणाली.

वरच्या बांधाशी तिनं ट्रॅक्टर थांबवला. इंजिन बंद झाल्यावर झाडांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं. किन्झोनं खिशातून खडू काढला आणि पिवळ्या नळीवर खूण केली.

"उद्या वेल्डिंगचं यंत्र घेऊन येतो. इथे डाव्या हाताला धरायला एक कडं लावू. पाठीला टेकू देऊ. आणि फळी फिरवून टाकू, तोंड पुढे. म्हणजे वहिनींवर नीट ओरडता येईल तुला."

यासुनोरीनं डाव्या हातानं फळीची कड धरली होती.

"कडं लाव," तो म्हणाला. "फळी अशीच राहू दे."