शेऱ्याचा रकाना

साडेनऊला डेटा आर्किटेक्टने डबा खणात ठेवला, चष्मा पुसला आणि फळ्यावरचा आराखडा पुन्हा तपासला. घरपोच औषधं देणाऱ्या कंपनीचे ग्राहक दसपट वाढले होते. त्यांची जुनी माहिती आज नव्या साच्यात जायची होती. ‘शेरा’ हा विस्कळीत रकाना तिने कालच लाल रेघेने खोडला होता. ग्राहकांच्या नोंदी लिहिणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या मावशी हसल्या, “काढ गं तो पसारा. मीच खरडायचे काहीबाही!” चाचणीसाठी तिने जुन्या माहितीत, इथूनच औषधं घेणाऱ्या आपल्या दिवंगत वडिलांचं नाव शोधलं. शेरा होता: ‘आजोबांना अंधुक दिसतं, गोळ्यांच्या वेळा ठळक लिहाव्यात.’ त्यांच्या गोळ्यांच्या डबीवरची टपोरी अक्षरं तिला आठवली. त्या अक्षरांच्या जिवावर एकट्या राहणाऱ्या वडिलांनी शेवटपर्यंत कुणाच्या तोंडाकडे न पाहता औषधं घेतली होती. “मावशी, या आजोबांच्या डबीवरचं ते टपोरं अक्षर तुमचं?” “मग काय, छापखान्याचं?” तिने लाल रेघ पुसून शेऱ्याचा रकाना थेट नावाशेजारी मांडला.