मागच्या दाराची काच

जुन्या गाडीच्या मागच्या दाराची काच बाईंनीच फोडली होती. दवाखान्याच्या वाटेवर मागे बसलेल्या नवऱ्याचा श्वास कोंडला. तो काच खाली घ्यायला धडपडत होता आणि हँडल नुसतंच गरगर फिरत होतं. ते दुरुस्त करायचं काम बाईंनी वर्षभर आज-उद्यावर ढकललं होतं. त्यांनी गाडी थांबवून पान्याने काच फोडली, पण तोवर उशीर झाला होता.

महिन्याने त्यांनी गाडी गॅरेजात आणली. मिस्त्रींनी दाराचं आतलं पॅनेल काढलं, काचेचा चुरा झाडला, नवी काच आणि नवं हँडल बसवलं. काच वरपर्यंत चढवून ते हात पुसायला वळले. परत बघतात तो काच चार बोटं खाली.

"नवी आहे, बसेल हळूहळू," ते म्हणाले आणि पुन्हा चढवली. पुन्हा चार बोटं. त्यांनी पॅनेल उतरवून सगळं तपासलं, स्क्रू आवळले. कुठेच खोट नव्हती.

"ताई, तीस वर्षं हेच करतोय. असं कधी बघितलं नाही."

"मी बघते," म्हणत बाई मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी काच वर घेतली आणि हँडलवरचा हात तसाच ठेवला.

हँडल तळव्याखाली फिरू लागलं. अर्धा फेरा झाला आणि थांबलं. धाप लागलेला माणूस थांबतो तेवढंच थांबलं, मग पुन्हा जोर लावून फिरू लागलं.

बाईंनी हात काढला नाही.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "आता घाई नाही."